विष, औषध आणि उतारा

१९५८ च्या उन्हाळ्यात केरळमध्ये माणसे जेवून उठली आणि थोड्याच वेळात कोसळू लागली. उलट्या, दरदरून घाम, तोंडाला फेस, धाप आणि मग झटके. शंभराहून अधिक जण दगावले. तपासाअंती कळले की, जहाजातून गव्हाच्या पिठाची पोती आणि फॉलिडॉल हे कीटकनाशक एकाच वेळी आले होते. वाटेत विष गळले, पोत्यांत मुरले आणि पिठाबरोबर घरोघरी पोचले. साठीपुढच्या अनेकांना फॉलिडॉल हे नाव नक्की आठवत असेल. महाराष्ट्रातल्या गावोगावच्या दुकानांत त्याचे डबे फळीवर असत, आणि आत्महत्येच्या बातम्यांतही ते नाव वारंवार येई. त्यातले रसायन पॅराथिऑन. केरळच्या घटनेनंतर न्यायमूर्ती जे. सी. शाह यांचा चौकशी आयोग नेमला गेला आणि पुढे देशाला १९६८ चा कीटकनाशक कायदा मिळाला.

पॅराथिऑन माणसाचा जीव घेते ते शरीरातले एक एन्झाइम बंद पाडून. त्याचे नाव ॲसिटिलकोलिनेस्टरेज. आणि याच एन्झाइमला आवर घालण्याचे काम आज मोठ्या रुग्णालयांत रोज, जाणूनबुजून केले जाते. शस्त्रक्रिया आटोपल्यावर भूलतज्ज्ञ जे इंजेक्शन देतो ते हेच करते. मायस्थेनिया या स्नायू थकवणाऱ्या आजाराचा रुग्ण दिवसातून अनेकदा जी गोळी घेतो ती हेच करते. विस्मरणाच्या आजारातल्या आजींना रात्री दिलेली गोळीही हेच करते. मग एकाला उभारी मिळते आणि दुसरा अतिदक्षता विभागात का पोचतो? एन्झाइमचा किती भाग बंद झाला आणि किती वेळ बंद राहिला, या दोन प्रश्नांत बहुतेक सगळे उत्तर आहे.

मज्जातंतूतून येणारा संदेश विजेच्या लहरीसारखा धावत येतो, पण तो स्नायूपर्यंत थेट पोचत नाही. दोघांच्या मध्ये एक फट असते, मिलिमीटरच्या काही लाखांश भागाइतकी. ती ओलांडण्यासाठी मज्जातंतूचे टोक ॲसिटिलकोलिन नावाचे रसायन सोडते. हे रसायन पलीकडच्या ग्राहीवर, म्हणजे रिसेप्टरवर, जाऊन बसले की स्नायू आकुंचतो. संदेश रसायनाच्या रूपाने जातो हे १९२१ साली ऑस्ट्रियातल्या ग्राझ शहरात ऑटो लोवी यांनी दाखवून दिले. प्रयोगाची कल्पना त्यांना झोपेत सुचली, असे ते स्वतः सांगत. त्यांनी बेडकाची दोन हृदये द्रावणात ठेवली. एका हृदयाची व्हेगस नस उत्तेजित करून त्याचे ठोके मंदावले आणि त्याभोवतीचे द्रावण दुसऱ्या हृदयाला दिले. त्या दुसऱ्या हृदयाचेही ठोके मंदावले, त्याला कोणी हातही लावला नव्हता. याच कामासाठी १९३६ चे नोबेल पारितोषिक लोवी आणि लंडनचे हेन्री डेल यांना विभागून मिळाले.

संदेश पोचवणे हा अर्धाच भाग झाला. तो संपवावाही लागतो, नाहीतर पुढच्या संदेशाला अर्थ उरत नाही. उसाला पाणी देताना दारं धरणारा माणूस एक सरी भरली की बांध घालून पाणी पुढच्या सरीत वळवतो. त्याला डुलकी लागली तर पाण्याचा उपसा तेवढाच असूनही शेत तुंबते. फटीतले हे काम ॲसिटिलकोलिनेस्टरेज करते. त्याचा एकेक रेणू सेकंदाला हजारो ॲसिटिलकोलिन रेणू फोडतो. इतके वेगवान एन्झाइम शरीरात मोजकेच. १९९१ साली इस्रायलच्या वाइझमन संस्थेत जोएल सुसमन, इस्रायल सिलमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टॉर्पेडो या विजेचा धक्का देणाऱ्या माशापासून काढलेल्या एन्झाइमची त्रिमिती रचना उलगडली. त्यात एक खोल, अरुंद घळ दिसली. तिच्या तळाशी सेरिन हे अमिनो आम्ल आहे. ॲसिटिलकोलिन घळीत उतरते, त्याचा ॲसिटिल तुकडा सेरिनला क्षणमात्र चिकटतो, पाण्याचा रेणू येऊन तो सोडवतो आणि एन्झाइम पुन्हा मोकळे होते.

या एन्झाइमला रोखणारी बरीचशी रसायने त्याच सेरिनवर जाऊन बसतात. फरक मुक्कामाचा. नीओस्टिग्मिन, पायरिडोस्टिग्मिन यांसारखी कार्बामेट गटातली औषधे तिथे काही मिनिटांपासून काही तासांपर्यंत राहतात आणि मग आपोआप सुटतात. कार्बारिलसारखी कार्बामेट कीटकनाशकेही याच प्रकारची. भोपाळच्या कारखान्यात हेच कार्बारिल बनत असे. १९८४ च्या डिसेंबरमध्ये तिथून सुटलेला मिथाइल आयसोसायनेट वायू हा त्याचा कच्चा माल होता. पॅराथिऑन, मोनोक्रोटोफॉस, क्लोरपायरिफॉस ही ऑर्गॅनोफॉस्फेट रसायने मात्र सेरिनवर फॉस्फेटचा गट बसवतात आणि तो सहजासहजी सुटत नाही. पुढे त्या गटाचा एक तुकडा गळून पडतो आणि जोड कायमची पक्की होते. डॉक्टर याला एन्झाइम ‘एजिंग’ झाले असे म्हणतात. त्यानंतर ते एन्झाइम मोकळे करणारे औषध नाही, शरीराने नवे तयार करेपर्यंत थांबावे लागते. या एजिंगला लागणारा वेळ रसायनानुसार बदलतो. सोमान या युद्धातल्या विषात तो काही मिनिटांचा, सारिनमध्ये काही तासांचा, काही कीटकनाशकांत एक-दीड दिवसाचाही असतो. उपचारांतल्या अनेक वादांचे मूळ या आकड्यांत आहे.

ही सगळी गोष्ट एका शेंगेतल्या बीपासून सुरू झाली. आजच्या नायजेरियातल्या कॅलाबार परिसरात एफिक लोक एका वेलीच्या बिया न्यायनिवाड्यासाठी वापरत. आरोपीला बियांचा अर्क प्यायला लावत. उलटी करून जगला तर निर्दोष, मेला तर गुन्हेगार. ब्रिटिश मिशनरी आणि डॉक्टरांनी या बिया एडिनबरोला पाठवल्या. तिथले विषशास्त्राचे प्राध्यापक रॉबर्ट क्रिस्टिसन यांनी १८५५ साली बीचा तुकडा स्वतः खाऊन पाहिला. हातापायांतले त्राण गेले, नाडी मंद आणि अनियमित झाली. त्यांनी दाढीसाठी ठेवलेले पाणी पिऊन उलटी काढली म्हणून ते वाचले. त्याच शहरात थॉमस फ्रेझर यांनी पुढे या विषाचा नीट अभ्यास केला आणि १८६३ साली डोळ्यांचे डॉक्टर आर्गाइल रॉबर्टसन यांनी दाखवले की बीच्या अर्काने डोळ्याची बाहुली टाचणीच्या टोकाएवढी होते. १८६४ साली अर्कातले मूळ द्रव्य वेगळे काढले गेले. त्याला फायसोस्टिग्मिन म्हणतात, एसेरिन हे त्याचे दुसरे नाव.

त्याच वर्षी प्रागमध्ये ॲट्रोपिनची विषबाधा झालेल्या कैद्यांवर या अर्काचा उपचार केला गेला आणि तो लागू पडला. ॲट्रोपिन बेलाडोनात असते, तसेच आपल्या धोतऱ्यातही असते. धोतऱ्याची बी पोटात गेलेल्या माणसाचे तोंड कोरडे पडते, बाहुल्या विस्फारतात, तो भ्रमात बडबडतो. कॅलाबारचे विष नेमके उलटे काम करते. एका झाडाचे विष दुसऱ्या झाडाच्या विषाला उतारा, ही त्या काळी विलक्षण वाटणारी गोष्ट होती. तिचे कारण सुमारे साठ वर्षांनी कळले. १९२६ मध्ये लोवी आणि नाव्राटिल यांनी दाखवले की एसेरिन ॲसिटिलकोलिनचा नाश थांबवते. ॲट्रोपिन मात्र ॲसिटिलकोलिनला हात लावत नाही, ते त्याची ग्राहीवरची जागा अडवून बसते. विषबाधेच्या उपचारात आजही हाच डाव खेळला जातो.

औषध म्हणून फायसोस्टिग्मिनचा पहिला मोठा उपयोग काचबिंदूत झाला. बाहुली आकसली की डोळ्यातल्या द्रवाला बाहेर पडायला वाट मिळते आणि दाब उतरतो. आज त्या जागी अधिक सोयीची औषधे आली आहेत.

मायस्थेनिया ग्रेव्हिसची गोष्ट मात्र विस्ताराने सांगायला हवी. या आजारात शरीराचीच प्रतिकारशक्ती स्नायूंवरच्या ॲसिटिलकोलिन ग्राही नष्ट करते. सकाळी उठलेला माणूस दुपारपर्यंत पापण्या उचलू शकत नाही, घास चावता चावता जबडा थकतो, बोलणे अनुनासिक होते. १९३४ पर्यंत या रुग्णांसाठी फारसे काही करता येत नसे. त्या वर्षी लंडनच्या ग्रीनिचमधल्या सेंट आल्फेज या नगरपालिकेच्या रुग्णालयात मेरी वॉकर या डॉक्टर काम करत होत्या. मायस्थेनियाची लक्षणे क्युरारे या बाणाच्या विषासारखी आहेत हे त्यांच्या लक्षात आले. क्युरारेला फायसोस्टिग्मिन हा उतारा आहे, मग इथेही तो का देऊन पाहू नये? त्यांनी एका रुग्ण स्त्रीला इंजेक्शन दिले. तासाभरात झुकलेल्या पापण्या वर आल्या, गिळणे सुधारले. काही तासांनी परिणाम ओसरला, पण दिशा सापडली होती. जून १९३४ च्या ‘लॅन्सेट’मध्ये त्यांचे छोटे पत्र छापून आले. वॉकर बड्या विद्यापीठात नव्हत्या, त्यांच्यामागे प्रयोगशाळा नव्हती. रुग्णाकडे नीट पाहणे आणि त्यावर विचार करणे एवढ्या भांडवलावर त्यांनी हे केले. वैद्यकाच्या इतिहासात त्यांचे नाव आहे त्यापेक्षा खूप वर असायला हवे. पुढे नीओस्टिग्मिन आणि मग पायरिडोस्टिग्मिन आले. मायस्थेनियाचे रुग्ण आजही पायरिडोस्टिग्मिनच्या गोळीच्या वेळापत्रकाने दिवस आखतात.

भूलशास्त्रातही हेच तत्त्व. पोटाच्या किंवा छातीच्या शस्त्रक्रियेत स्नायू सैल करणारी, क्युरारेच्या जातीची औषधे देतात. शस्त्रक्रिया झाल्यावर रुग्णाने स्वतः श्वास घ्यावा म्हणून नीओस्टिग्मिन दिले जाते. फटीत साचलेले ॲसिटिलकोलिन सैल करणाऱ्या औषधाला हटवते आणि रुग्ण डोके उचलून दाखवतो. सोबत ग्लायकोपायरोलेट किंवा ॲट्रोपिन द्यावेच लागते, नाहीतर हृदयाचे ठोके मंदावतात. रक्तात याच्याशी नाते असलेले ब्युटिरिलकोलिनेस्टरेज नावाचे दुसरे एन्झाइम असते. सक्सिनिलकोलिन हे भुलीच्या वेळी दिले जाणारे स्नायू सैल करणारे औषध तेच फोडते. काही कुटुंबांत ते जन्मतः निकामी असते, आणि आपल्याकडे आर्य वैश्य समाजात हे प्रमाण जास्त आढळले आहे. अशा रुग्णाचा श्वास भुलीनंतर तासन्‌तास परत येत नाही. म्हणून ‘घरात कोणाला भुलीचा त्रास झाला होता का’ या भूलतज्ज्ञाच्या प्रश्नाचे उत्तर नीट आठवून द्यावे.

महाराष्ट्राच्या ग्रामीण रुग्णालयांत नीओस्टिग्मिनचा आणखी एक उपयोग आहे, आणि तो सापाच्या दंशात. नागाचे विष स्नायूवरच्या ग्राही अडवते. अशा रुग्णाला प्रतिसर्पविषाबरोबर ॲट्रोपिन आणि नीओस्टिग्मिन दिले की अनेकदा मिटलेल्या पापण्या उघडू लागतात आणि श्वासाला बळ येते. मण्यारीच्या दंशात हा फायदा सहसा मिळत नाही, कारण तिचे विष मज्जातंतूच्या टोकावरच घाला घालते. तिथे ॲसिटिलकोलिनच सुटत नाही, मग त्याचा नाश रोखून काय साधणार? मण्यारीच्या रुग्णाला प्रतिविषाबरोबर कृत्रिम श्वास लागतो, कधी कित्येक दिवस.

अल्झायमरच्या औषधांबद्दल बोलताना मात्र अपेक्षा आवरून धराव्या लागतात. १९७६ साली एडिनबरोत पीटर डेव्हिस आणि मॅलोनी यांनी दाखवले की या आजारात मेंदूतले ॲसिटिलकोलिन तयार करणारे एन्झाइम फार घटते. मग कल्पना पुढे आली की, जे थोडे उरले आहे ते तरी टिकवावे. अमेरिकेत १९९३ मध्ये टॅक्रिनला मान्यता मिळाली, पण त्याने यकृताला इजा होई. १९९६ मध्ये डोनेपेझिल आले. नंतर रिव्हास्टिग्मिन आणि गॅलँटामिन आले. गॅलँटामिन स्नोड्रॉपच्या जातीच्या फुलझाडांतून मिळते आणि १९५० च्या दशकात बल्गेरियात दिमितर पास्कोव्ह यांनी ते औषध म्हणून पुढे आणले. या गोळ्या काही रुग्णांची स्मृती आणि दैनंदिन व्यवहार काही काळ थोडे सावरतात. पेशींचा ऱ्हास त्या थांबवत नाहीत. मळमळ, जुलाब, भूक मंदावणे, नाडी मंद होऊन घेरी येणे हे त्रास होऊ शकतात. घरच्यांना हे आधीच स्पष्ट सांगितले पाहिजे. गोळी सुरू केल्यावर काही महिन्यांनी फरक दिसला का याचा हिशेब मांडावा, आणि दिसला नसेल तर डॉक्टरांशी बोलून ती बंद करायला कचरू नये.

आता काळी बाजू. डिसेंबर १९३६ मध्ये जर्मनीत आयजी फार्बेन कंपनीचे रसायनशास्त्रज्ञ गेरहार्ड श्रॅडर नवे कीटकनाशक शोधत होते. त्यांच्या हाती लागलेले ऑर्गॅनोफॉस्फेट इतके जहाल निघाले की स्वतः श्रॅडर आणि त्यांच्या सहायकाच्या बाहुल्या आकसल्या, श्वास कोंडला आणि त्यांना काही आठवडे विश्रांती घ्यावी लागली. ते टाबुन. १९३८ मध्ये सारिन सापडले. लष्कराने दोन्ही ताब्यात घेतली, आणि त्याच प्रयोगशाळेच्या कामातून पुढे शेतासाठी पॅराथिऑनही आले. २० मार्च १९९५ रोजी टोकियोच्या भुयारी रेल्वेत ओम शिनरिक्यो पंथाच्या माणसांनी पाच गाड्यांमध्ये सारिन सोडले. एकट्या सेंट लुक्स रुग्णालयात त्या दिवशी सहाशेहून अधिक लोक पोचले. ‘अंधारून आले आहे’ अशी अनेकांची तक्रार होती, बाहुल्या इतक्या आकसल्या होत्या. २०१८ मध्ये इंग्लंडच्या सॅलिसबरीत आणि २०२० मध्ये रशियन नेते अलेक्सेई नवाल्नी यांच्यावर वापरलेली नोविचोक गटाची रसायनेही याच कुळातली. बर्लिनच्या शारिते रुग्णालयाने नवाल्नींना कोलिनेस्टरेज रोखणाऱ्या पदार्थाची बाधा झाल्याचे जाहीर केले आणि त्यांच्यावर ॲट्रोपिनचा उपचार झाला.

जगाच्या बातम्या अशा विषांच्या होतात. माणसे मात्र यांपेक्षा कितीतरी जास्त संख्येने शेतीच्या औषधांनी मरतात, आणि ती भारत, श्रीलंका, बांगलादेश, चीन यांच्या खेड्यांत मरतात. याच कुळातले टेमिफॉस मात्र माणसाला फारसे अपायकारक नाही. डासांच्या अळ्या मारण्यासाठी आरोग्यसेवक ते पाण्यात टाकतात, आणि नारूचा रोग हटवण्यात पायविहिरींमध्ये टाकलेल्या टेमिफॉसचा वाटा होता. २००० साली भारत नारूमुक्त घोषित झाला. म्हणजे कुळ एक असले तरी त्यातले प्रत्येक रसायन सारखे घातक नाही. कायद्याने निवड करायला इथे जागा आहे.

ऑर्गॅनोफॉस्फेटची विषबाधा झालेला रुग्ण ओळखायला अनुभवी परिचारिकेला प्रयोगशाळा लागत नाही. कपड्यांना आणि श्वासाला लसणासारखा किंवा रॉकेलसारखा उग्र वास, टाचणीच्या टोकाएवढ्या बाहुल्या, भिजलेली त्वचा, छातीत घरघर, आणि मांडीच्या, दंडाच्या स्नायूंची कातडीखाली चाललेली फडफड. रक्तातले कोलिनेस्टरेज तपासून निदान पक्के करता येते, पण अहवालाची वाट पाहत उपचार थांबवणे घातक ठरते. रुग्ण मरतो तो मुख्यतः श्वास बंद पडून. फुप्फुसे स्रावाने भरतात, मेंदूतले श्वसनकेंद्र मंदावते, आणि शेवटी छातीचे स्नायूही काम सोडतात. म्हणून पहिले काम श्वासमार्ग मोकळा करून प्राणवायू देण्याचे. कपडे उतरवायचे, अंग साबणाने आणि भरपूर पाण्याने धुवायचे, धुणाऱ्याने हातमोजे घालायचे. घरी मिठाचे पाणी पाजून उलटी काढण्याचा प्रकार अजून सर्रास चालतो. गुंगीत असलेल्या माणसाच्या फुप्फुसात तेच द्रावण उतरते आणि औषधाने वाचला असता तो त्याने जातो.

दुसरे काम ॲट्रोपिन, आणि इथे हात आखडून चालत नाही. भारतात ॲट्रोपिनच्या एका ॲम्प्यूलमध्ये ०.६ मिलिग्रॅम असते. सुरुवातीला तीन ॲम्प्यूल, मग दर पाच मिनिटांनी छाती ऐकायची आणि घरघर असेल तर डोस दुप्पट करायचा. तीन, सहा, बारा, चोवीस. पंधरा मिनिटांत पंचेचाळीस ॲम्प्यूल फुटलेल्या असतात. नव्या डॉक्टरला हे पाहून भीती वाटते, पण हिशेब असाच आहे. बांगलादेशात चितगावच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात १५६ रुग्णांवर याची तुलना झाली. जुन्या पद्धतीने ठरावीक अंतराने डोस दिलेल्या गटात २२.५ टक्के रुग्ण दगावले, आणि झपाट्याने वाढवत नेऊन मग सलाईनमधून सातत्याने ॲट्रोपिन दिलेल्या गटात ८ टक्के. औषध तेच, फक्त देण्याची शिस्त वेगळी. छाती कोरडी झाली, नाडी ऐंशीच्या वर आली, रक्तदाब सावरला की थांबायचे. त्यापुढे देत राहिले तर रुग्ण धोतऱ्याच्या नशेत असल्यासारखा बडबडू लागतो, ताप चढतो, आतड्यांची हालचाल थांबते.

तिसरे औषध प्रॅलिडॉक्सिम. डॉक्टर त्याला ‘पाम’ म्हणतात. सेरिनवर बसलेला फॉस्फेट गट ओढून काढण्यासाठी ते मुद्दाम बेतलेले आहे. कोलंबिया विद्यापीठातल्या इर्विन विल्सन यांनी १९५५ मध्ये ते तयार केले. कागदावर ते आदर्श औषध आहे, कारण ॲट्रोपिन फक्त लक्षणे दाबते आणि पाम मूळ एन्झाइम सोडवते. रुग्णांमध्ये मात्र पुरावा उलटसुलट आहे. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमधल्या अभ्यासांत फायदा दिसला नाही. २००६ साली ‘लॅन्सेट’मध्ये बारामतीच्या गिरिराज रुग्णालयातल्या डॉक्टरांचा अभ्यास छापून आला. महाराष्ट्राने त्याचा अभिमान बाळगावा असा तो आहे. त्यांनी २०० रुग्णांचे दोन गट केले. सगळ्यांना सुरुवातीला दोन ग्रॅम पाम दिले. मग एका गटाला पहिले ४८ तास दर तासाला एक ग्रॅम सतत, तर दुसऱ्याला दर चार तासांनी एक ग्रॅम. सतत औषध मिळालेल्या शंभरांत एक दगावला, दुसऱ्या शंभरांत आठ. पहिल्या दिवशी लागलेल्या ॲट्रोपिनचा मध्यक अनुक्रमे ६ मिलिग्रॅम आणि ३० मिलिग्रॅम, म्हणजे दहा ॲम्प्यूल आणि पन्नास ॲम्प्यूल. तालुक्याच्या गावातल्या खासगी रुग्णालयातून निघालेले हे आकडे जगभर वाचले गेले.

त्यानंतर २००९ मध्ये मायकेल एडलस्टन आणि सहकाऱ्यांनी श्रीलंकेतल्या २३५ रुग्णांवर केलेल्या चाचणीत पामचा फायदा दिसला नाही, उलट पाम मिळालेल्या गटात मृत्यू काहीसे जास्त झाले, जरी तो फरक योगायोगाचाही असू शकतो. दोन्ही अभ्यास प्रामाणिक आहेत. बारामतीचे रुग्ण लवकर पोचले होते आणि त्यांना उत्तम अतिदक्षता मिळाली. श्रीलंकेत अनेकांनी फार मोठी मात्रा घेतलेली होती. एजिंग होण्याआधी पाम पोचले तर ते काम करू शकते, नंतर नाही. शिवाय शरीरात विषच इतके असेल की सोडवलेले एन्झाइम पुन्हा अडकत राहील, तर पाम हतबल होते. जिथे लवकर देता येते तिथे ते द्यावे, पण पाम नाही म्हणून हातपाय गाळू नयेत आणि पाम दिले म्हणून ॲट्रोपिनकडे व श्वासाकडे दुर्लक्ष करू नये.

रुग्ण शुद्धीवर आला, छाती कोरडी झाली, नातेवाईक ‘आता घरी नेऊ का’ विचारू लागले, की खरा दगा होण्याची वेळ येते. श्रीलंकेचे सेनानायके आणि करलियेड्डे यांनी १९८७ मध्ये या दगा देणाऱ्या अवस्थेचे वर्णन केले. विषबाधेनंतर एक ते चार दिवसांत मानेचे, खांद्याचे आणि श्वासाचे स्नायू ढिले पडतात. ॲट्रोपिन स्नायूंच्या ग्राहींवर काम करत नाही, त्यामुळे ते इथे निरुपयोगी ठरते. पहिली खूण अगदी साधी आहे. रुग्णाला उशीवरून डोके उचलायला सांगायचे. उचलता आले नाही तर व्हेंटिलेटर तयार ठेवायचा. ही चाचणी वॉर्डातली कोणीही परिचारिका दर दोन तासांनी करू शकते आणि तिला एक पैसाही लागत नाही. त्या दिवसांत कृत्रिम श्वास मिळाला तर बहुतेक रुग्ण पूर्ण बरे होतात.

२०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करणारे वीसहून अधिक शेतकरी आणि मजूर दगावले, शेकडो रुग्णालयात गेले. त्या वर्षी कापूस डोक्याच्या वर वाढला होता. फवारा वरच्या बाजूला मारला की थेंब तोंडावर, मानेवर, छातीवर पडत. चष्मा नाही, मोजे नाहीत, अंगात भिजलेला सदरा. शिवाय दोन-तीन औषधे एकत्र मिसळण्याची सवय. ही सगळीच रसायने कोलिनेस्टरेज रोखणारी नव्हती, पण राज्याने काही काळ विक्री थांबवलेल्या औषधांत मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस आणि ॲसिफेट ही होती. मजुराला ‘हातमोजे घाल’ सांगून जबाबदारी संपत नाही. विदर्भातल्या सप्टेंबरच्या दमट उन्हात रबरी पोशाख घालून आठ तास पाठीवर पंप वाहणे कोणालाच शक्य नाही. इतके जहाल द्रव्य पाठीवरच्या पंपात मिळताच कामा नये.

मोनोक्रोटोफॉसचा इतिहास तर फारच दुखरा आहे. १६ जुलै २०१३ रोजी बिहारच्या सारण जिल्ह्यातल्या गंडामन गावी शाळेतले मध्यान्ह भोजन खाऊन २३ मुले मेली. स्वयंपाकाच्या तेलात मोनोक्रोटोफॉस सापडले. त्याच्या चार वर्षे आधी जागतिक आरोग्य संघटनेने भारताला या औषधावर बंदीचा विचार करा असे सुचवले होते. मिथाइल पॅराथिऑनवर २०१८ मध्ये बंदी आली. फोरेट, म्हणजे शेतकऱ्यांचे थिमेट, आणि डायक्लोरव्हॉस, म्हणजे नुवान, हे २०२० अखेर थांबवायचे ठरले. मोनोक्रोटोफॉसच्या ३६ टक्क्यांच्या द्रवरूपाला २०२३ मध्ये निरोप मिळाला, तोही शिल्लक साठा संपवण्याची सवलत देऊन. गंडामननंतर दहा वर्षे! हा उशीर माफ करण्याजोगा नाही.

श्रीलंकेने हेच मोनोक्रोटोफॉस १९९५ मध्ये बंद केले होते. १९९५ ते २००५ या दहा वर्षांत तिथले आत्महत्येचे प्रमाण निम्म्यावर आले आणि भाताचे उत्पादन घटले नाही. याचे कारण समजायला अवघड नाही. ग्रामीण भागात विष घेणारे बरेच जण रागाच्या, नशेच्या किंवा हतबलतेच्या एखाद्या तासात हाताशी जे आहे ते घेतात. हाताशी कमी घातक औषध असेल तर ते रुग्णालयात पोचतात, जगतात, आणि त्यांतले बहुसंख्य पुन्हा तसा प्रयत्न करत नाहीत.

ग्रामीण रुग्णालयात ॲट्रोपिनच्या किमान काहीशे ॲम्प्यूल, हाताने श्वास देण्याची अॅम्ब्यू बॅग आणि श्वासनलिकेत नळी घालू शकणारा डॉक्टर असायलाच हवा, आणि गावाने ग्रामसभेत, रुग्णकल्याण समितीत ही मागणी नावानिशी नोंदवावी. शेतीची औषधे घरात, माणसांच्या हाताशी ठेवू नयेत, कुलूपबंद पेटी शेतावर किंवा गोठ्याच्या खोलीत असावी. कोणाला विषबाधा झाली तर १०८ ला फोन करा, उलटी काढू नका, भिजलेले कपडे उतरवा, आणि बाटली किंवा तिचे लेबल रुग्णाबरोबर न्या, कारण पाम कधी आणि किती द्यायचे हे डॉक्टर त्यावरून ठरवतात. आणि घरात, शेजारी, शेताच्या बांधावर कोणी खचलेले दिसले, तर त्याला एकटे सोडू नका. टेलि-मानसचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो, तिथे मराठीतून बोलता येते.